बियाचं तवसं

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, इमारतीच्या मागच्या बाजूला, जेमतेम दोन खाटा मावतील एवढी मातीची पट्टी आहे. तळमजल्यावर राहण्याचा एवढाच काय तो फायदा. बाकी उंदीर, ओल आणि वरच्या मजल्यांवरून पडणारे कपड्यांचे चिमटे. त्या पट्टीला मी वाडी म्हणते. ह्यांना हसू येतं. हे कोकणातले, ह्यांच्या गावी वाडी म्हणजे नारळी-पोफळी, विहीर, पाण्याचे पाट. ‘बोरिवलीत सहा भेंड्यांची वाडी केलीय हिने,’ असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असतात. सांगू देत. जेवताना मात्र विचारतात, भाजी बाजारची की वाडीतली?

मी तीस वर्षं एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क होते. मुलांची खोटी आजारपणं आणि आईबापांच्या खोट्या चिठ्ठ्या बघून बघून माझा आवाज जो चढला तो निवृत्तीनंतरही उतरला नाही. घरात आम्ही दोघं, मुलगा, सून आणि दोन नातवंडं. ही गोष्ट घडली त्या वर्षी नात सहा वर्षांची, पहिलीत होती, आणि नातू चार वर्षांचा. एकदा मी नातीला सहज विचारलं, मेथी कुठून येते गं? तर म्हणाली, ‘डिलिव्हरीवाला दादा स्कूटरवरून आणतो ना!’ मी कपाळाला हात लावला. त्याच रविवारी दोघांना वाडीत उतरवलं आणि म्हटलं, आजची भाजी तुम्ही काढायची.

दहा मिनिटांत वाडीची वाट लागली. करंगळीएवढ्या भेंड्या, हिरवेगार टोमॅटो, मूठभर मिरचीची फुलं. फुलं कशाला तोडलीस रे, तर म्हणे बाप्पाला. वांग्याचं अख्खं रोप मुळासकट उपटून नातवाने माझ्या हातात दिलं, ‘आजी, मी सगळंच काढलं,’ आणि शाबासकीसाठी उभा राहिला. सून म्हणाली, ‘आई, राहू दे ना, लहान आहेत अजून.’ पण राहू दे म्हटलं की माझ्यात जोर येतो. तयार काय आणि कोवळं काय, हे त्यांना कळत नाही ना? मग मी दाखवणार.

घरात लाल लोकरीचा एक गुंडा पडून होता. सुनेने नातीच्या वेळेस टोपी विणायला आणला होता, टोपी अर्ध्यावर राहिली आणि नात शाळेत जायला लागली. त्या लोकरीचे मी वीतभर तुकडे केले. शनिवारी संध्याकाळी मी वाडीत जायचे आणि जे तोडायला झालंय त्याच्या देठाला एकेक तुकडा बांधून यायचे. रविवारी सकाळी मुलं शोधायला निघायची. नियम एकच. लाल दिसलं की तोडायचं, लाल नसेल तर हात लावायचा नाही.

हे मात्र झकास जमलं. नातीकडे शाळेची गोल टोकाची कात्री, नातवाकडे माझी जुनी रोवळी. ती पानं बाजूला करून शोधायची, ‘लाल!’ म्हणून ओरडायची, हा रोवळी घेऊन धावायचा. वरच्या मजल्यावरची माणसं खिडकीत येऊन बघायची. एखादी भेंडी कापायला ती इतका वेळ लावायची, जीभ बाहेर काढून, एक डोळा मिटून, की मला हातातली कामं टाकून बघत बसावंसं वाटायचं. आणि स्वतः काढलेली भेंडी मुलगी गिळायला लागली हो! आधी ताटात भेंडी दिसली की नाक मुरडायची. तीन महिन्यांत एकही फूल चुकून तुटलं नाही. मी सगळ्या इमारतीत माझ्या लोकरीच्या युक्तीची फुशारकी मारून आले.

आता तवशाचं सांगते, कारण खरी गोष्ट त्याचीच आहे.

तवसं म्हणजे पावसाळी काकडी, पण बाजारात मिळते तसली नव्हे. हातभर लांब, दंडाएवढी जाड, पिकली की पिवळी-तांबूस होते. किसून, गूळ आणि तांदळाचा रवा घालून तिचं धोंडस करतात, त्यासाठी हे जीव टाकतात. आमच्याकडचं बियाणं सासूबाईंचं. त्यांच्या सासूकडून त्यांना, त्यांच्याकडून मला. सासूबाईंचं आणि माझं काही फारसं जमलं नाही, त्याला कारण होतं. पण त्या गेल्या, गावचं घर कुलूपबंद झालं, अंगणातला मांडव पडला, तेव्हा त्यांच्या हातचं म्हणावं असं ते एवढंच बी राहिलं. दर वर्षी मी एक उत्तम तवसं वेलावर पूर्ण पिकू द्यायचे, बिया राखेत घोळवून, वाळवून, फडक्याच्या पुरचुंडीत बांधून ठेवायचे.

त्या वर्षी पुरचुंडी सोडली तर आत मुंग्या. पाच बिया धड निघाल्या. पाचही लावल्या. दोन उगवल्या. एक वेल गोगलगाईंनी खाल्ला. उरलेला एक मी लेकरासारखा वाढवला, सुतळ्या बांधून खिडकीच्या ग्रिलवर चढवला. त्याला तीन तवशी धरली. जंगल आमच्या मागेच, त्यामुळे माकडं कधीही टपकतात. दोन तवशी त्यांनी नेली, ती नेली तर नेली, एक माझ्यासमोर भिंतीवर बसून खाल्लं. राहिलं एक. ते मात्र पानांआड, ग्रिलच्या खालच्या दांडीला टेकून, छान भरलं. गणपती गेले त्या आठवड्यात मी ठरवलं, हे बियाचं. गावी बियाच्या फळाला चिंधी बांधतात, म्हणजे घरातलं कोणी त्याला हात लावत नाही. तशी मी बांधली. हाताला आली ती जुन्या साडीच्या काठाची पट्टी. तिच्यावरून पोतं गुंडाळलं, म्हणजे माकडांना दिसू नये.

पुढच्या रविवारी मी स्वयंपाकघरात डाळीला फोडणी देत होते. कुकर शिट्टीवर होता. बाहेर मुलांचं चाललं होतं, त्याकडे माझं लक्ष नव्हतं. एवढ्यात मागच्या दारातून नात आत आली. दोन्ही हातांनी पोटाशी तवसं धरलेलं, केसांत पानं, घामाघूम. मागे नातू रिकामी रोवळी घेऊन. ‘आजी, सगळ्यात मोठं मला सापडलं! पोत्यात लपवलं होतंस ना तू?’

माझं डोकं सटकलं. काय बोलले ते सगळं लिहीत नाही, लाज वाटते. तुला अक्कल आहे का, एवढं एकच राहिलं होतं, सगळं मातीत घातलंस. ती म्हणाली, ‘पण लाल…’ मी म्हटलं, ‘तोंड वर करून बोलू नकोस. आण ती कात्री इकडे. आणि पुन्हा वाडीत पाय ठेवायचा नाही. कळलं?’ तिने कात्री ओट्यावर ठेवली. तवसंही ठेवलं, अगदी हळू, घरंगळू नये म्हणून बाजूला लाटणं लावलं. मग बाथरूममध्ये जाऊन तिने कडी लावली.

हे पेपर खाली ठेवून आले. तवशाकडे बघितलं. ‘हिरवं आहे अजून,’ म्हणाले. ते मलाही दिसत होतं. आणखी महिनाभर वेलावर हवं होतं. कच्च्या तवशाच्या बिया म्हणजे नुसती टरफलं, लावून काही उगवत नाही. माझ्या सासूच्या सासूपासून चालत आलेलं बी माझ्या ओट्यावर येऊन संपलं, एवढंच माझ्या डोक्यात. दुपारी मी जेवले नाही. नातही जेवली नाही. सून दोघींची ताटं झाकत फिरत होती.

संध्याकाळी वाडीत गेले. वेलाखाली पोतं पडलं होतं, नीट घडी करून ठेवलेलं. आणि त्यावर ती साडीच्या काठाची पट्टी. लाल. चांगली ठसठशीत लाल, माझ्या लग्नातल्या साडीची. तिने गाठ कापली नव्हती, सोडवली होती. मी ती हातात घेऊन तशीच उभी राहिले. लाल दिसलं की तोडायचं. तीन महिने मीच घोकून घेतलं होतं पोरीकडून. पोत्याखाली लपलेलं सर्वात मोठं लाल तिने शोधून काढलं आणि माझ्याकडे शाबासकी घ्यायला आली.

तेव्हाच आत जाऊन सांगायला हवं होतं. पण मोठ्या माणसाला चूक कबूल करायची म्हणजे जिवावर येतं, त्यातून मी. जिने तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्या! उद्या सांगू म्हटलं. उद्याचा परवा झाला. ह्यांनी एकदा विचारलं, ‘बांधलेलं तोडायचं, हे तिला कोणी शिकवलं गं?’ मी म्हटलं, ‘माहितीय मला, तुम्ही पेपर वाचा.’

तवसं टाकवेना. सुतळीचा फास करून मी ते स्वयंपाकघराच्या खिडकीशी, वारा लागेल असं टांगलं. सासूबाई असंच वाशाला टांगायच्या. पुरतं भरलेलं तवसं कधी कधी घरातही पिकतं, बियाही धरतात. कधी कधी. हे म्हणाले, आता रोज आरती कर त्याची.

शनिवारी मी पुन्हा लोकर बांधून आले. रविवारी नातू एकटा उतरला, एक मिरची काढली आणि परत आला. ‘ताई नाही तर मजा नाही,’ म्हणाला. ताई खिडकीच्या आत ग्रिल धरून उभी होती. मी म्हटलं, जा ना. ती म्हणाली, ‘तू पाय ठेवू नको म्हणालीस.’ रुसवा नाही, राग नाही, नुसता नियम सांगितल्यासारखं. मला इतकं टोचलं! नियम पाळणारी पोरगी आहे हो ती, म्हणूनच तर तवसं तुटलं. भेंड्या जून झाल्या, त्या मी रागारागाने उपटल्या.

ती तवशाखालून जाताना मान वर करायची, हे मी बघत होते. मला काही विचारायची नाही, आजोबांना विचारायची, ‘पिकतंय का?’ पंधरा दिवसांनी देठाकडून पिवळी झाक आली. तिसऱ्या आठवड्यात अंगावर बारीक रेघा उठल्या आणि खालून तांबूस झालं. माझ्यापेक्षा तिलाच आधी दिसलं. आजोबांच्या कानात काहीतरी सांगून पळाली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. ह्यांचे पाने-पक्कड, मुलाचा लॅपटॉप, माझं खुरपं, विळी. पाट मांडताना मी ओट्याच्या खणातून ती गोल टोकाची कात्री काढली, धुऊन पुसली आणि खुरप्याशेजारी ठेवली. हळद-कुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं. नात आंघोळ करून आली. पाटाकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. ‘माझी कात्री?’

‘तुझीच. वाडीतलं हत्यार आहे ना ते,’ मी म्हटलं. आणि तेवढ्यात बोलून टाकलं, नाहीतर दिवाळी उजाडली असती. ‘तू काही चुकीचं केलं नाहीस. लाल म्हणजे तोड, हे मीच शिकवलं आणि लाल चिंधी मीच बांधली. तुला सांगायचं राहिलं. चूक माझी.’

तिने कात्रीवरचं फूल नीट केलं. मग म्हणाली, ‘मग सॉरी म्हण.’

‘म्हटलं की आत्ता!’

‘चूक माझी म्हणालीस. सॉरी वेगळं असतं. कान पकडायचे. आमच्या शाळेत असंच असतं.’

हे पेपरमागे हसत होते, पेपर हलत होता. मी साठी ओलांडलेली बाई, देवासमोर कान पकडून सहा वर्षांच्या पोरीला सॉरी म्हणाले. ती म्हणाली, ‘इट्स ओके.’ आणि लगेच, ‘आता कापायचं का ते?’

विळीवर मी बसले, समोर ती पाण्याचं पातेलं घेऊन. नातू मध्ये मध्ये. तवसं कापलं, आतला गर चोळून चोळून धुतला. पोकळ बी तरंगतं आणि भरलेलं बी बुडतं, हे तिला सांगितलं. बिया पाण्यात सोडल्या. सगळ्या वर तरंगल्या. तिचा चेहरा उतरला. मी म्हटलं, थांब, अंगाला अजून गर आहे, थोडा वेळ लागतो. खरं तर खात्री मलाही नव्हती. दोघी पातेल्यात डोळे घालून बसलो. काहीतरी बोलायचं म्हणून मी बोलायला लागले, आणि जे चाळीस वर्षांत ह्यांच्यापाशीही नीट बोलले नव्हते ते तिला सांगून बसले.

मी पार्ल्याची मुलगी. लग्नानंतरचे पहिले गणपती, म्हणून ह्यांच्या गावी गेले. भाजी वेलावर बघायची ती पहिलीच वेळ. घर पाहुण्यांनी भरलेलं. कोणीतरी म्हणालं, मांडवावरून एक काकडी आण गं कोशिंबिरीला. मी गेले. सगळ्यांत सुंदर होती तिला चिंधी बांधलेली. मला वाटलं, जड आहे, पडू नये म्हणून बांधली असेल. तीच आणली, कापली, कोशिंबीर केली. सासूबाई आत आल्या आणि विळीजवळची चिंधी बघून किंचाळल्या, ‘ह्यां काय केलंस गो!’ पंगतीसमोर. आईने काय शिकवलं नाही, पार्ल्यात माणसं राहतात की कोण, सगळं झालं. पाहुणे हसले. मी गोठ्यामागे जाऊन रडले. पुढे किती वर्षं गावात गेले की बायका म्हणायच्या, ही बघा, बियाचं तवसं कापणारी. मी मनात गाठ मारली आणि त्या बाईशी कामापुरतीच बोलले. म्हातारपणी त्यांनी एकदा बियांची पुरचुंडी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, ‘नीट सांभाळ.’ एवढंच.

नात ऐकत होती. ‘तुला माहीत नव्हतं ना? चिंधीचं?’

‘नव्हतं. कोणी सांगितलंच नव्हतं.’

‘मग तुला सॉरी कोण म्हणालं?’

‘कोणी नाही गं.’

ती उठली. हात ओले होते, ते फ्रॉकला पुसले. दोन्ही कान पकडले आणि म्हणाली, ‘सॉरी. त्यांच्याकडून.’

मला हुंदकाच फुटला. ओट्याशी उभी असलेली सून घाबरून वळली, हे पेपर टाकून धावत आले. मी विळीवर बसून रडतेय आणि हातात तवशाचा गर. पण त्या रडण्यात दुःख नव्हतं, खरंच सांगते. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. नातू मात्र पातेल्यापाशीच होता. तो ओरडला, ‘खाली गेल्या! आजी, काही काही खाली गेल्या!’

अकरा बिया बुडाल्या. बाकीच्या अगदी पोकळ निघाल्या. गर आणि साल वाया घालवलं नाही, त्याचं धोंडस केलं. थोडं कडसर झालं, पण ह्यांनी दोनदा घेतलं.

ह्या वर्षी अकरातल्या सात उगवल्या. दोन वेल मी वरच्या मजल्यावरच्या दोघींना दिले, म्हणजे पुन्हा सगळा भार एकाच तवशावर नको. लाल लोकर चालूच आहे, पण बियाला आता पांढरी चिंधी. ती नात बांधते, माझा जुना पांढरा परकर फाडून. नातू पाच वर्षांचा झाला, कात्री त्याच्याकडे आली आहे.

मागच्या रविवारी मी खिडकीत तांदूळ निवडत बसले होते. नातू वेलापाशी गेला, ‘बांधलंय!’ म्हणत पांढरी चिंधी बाजूला सारली आणि देठाला कात्री लावली. नातीने ते बघितलं. ‘ए! तुला अक्कल आहे का!’ काय आवाज, अगदी माझा. तो दचकला, कात्री खाली पडली, ओठ थरथरायला लागले. माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं. तिने एकदा खिडकीकडे, माझ्याकडे बघितलं. मग त्याच्याजवळ जाऊन उकिडवी बसली. ‘हे बियाचं असतं. पांढरं म्हणजे ठेवायचं. तुला सांगायचं राहिलं. चूक माझी.’

‘मग सॉरी म्हण,’ तो म्हणाला.

तिने कान पकडले.